कुलूपवाल्याचा बास

कुलूपवाल्याचा माणसांवर विश्वास नव्हता, आणि त्याचा धंदाच असा की असता तरी टिकला नसता. किल्ली हरवली म्हणून रडकुंडीला आलेला माणूस त्या घराचा मालकच आहे कशावरून? सुनेच्या कपाटाची दुसरी किल्ली मागणारी सासू 'सहज, असावी म्हणून' म्हणते तेव्हा त्यातलं सहज किती? असल्या प्रश्नांतच त्याचा जन्म गेला होता. गल्लीच्या तोंडाशी त्याचं दुकान होतं. ते इतकं अरुंद की दोन गिऱ्हाइकं एकदम आली तर एकाला रस्त्यावर उभं राहावं लागे. भिंतभर कोऱ्या किल्ल्या लटकलेल्या आणि मधोमध किल्ल्या कापायचं यंत्र. ते सुरू झालं की त्याच्या किंकाळीने समोरचा शिंपी खिडकी लावून घेई. कुलूपवाला मात्र यंत्राजवळ कान नेऊन काम करी. पातं पितळेत नीट उतरलं की नाही हे डोळ्यांआधी कानाला कळतं, असं त्याचं म्हणणं.

या माणसाने आयुष्यात एकाच ठिकाणी डोळे मिटून विश्वास टाकला होता, आणि ते ठिकाण म्हणजे शनिवारची चौकडी.

चौकडी म्हणजे जॅझ वाजवणारे चार जण. ट्रम्पेट वाजवणारे मास्तर शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. अग्निशमन दलाच्या बँडमध्ये त्यांच्या वडिलांनी वाजवलेलं ट्रम्पेट त्यांच्याकडे आलं होतं, आणि फळ्यावर गणित सोडवताना जसे ते मध्येच थांबून वर्गाकडे बघायचे, तसेच ट्रम्पेट वाजवतानाही थांबायचे. ऐकणाऱ्याला वाटावं, आता पुढची पायरी तुम्ही सांगा. ड्रम वाजवायचा बेकरीवाला. पहाटे पीठ मळायचं, दुपारी झोपायचं आणि संध्याकाळी बडवायचं, असा त्याचा दिवस. पियानोवर कुलूपवाल्याचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. लोकांच्या घरचे पियानो सुरात लावून तो पोट भरायचा, आणि स्वतःच्या घरचा मात्र वर्षानुवर्षं बेसूर.

आणि बास कुलूपवाल्याचा. तरुणपणी ही मंडळी जमली तेव्हा बास वाजवणारं कुणी नव्हतं. एक नाटकगृह बंद पडलं, त्याच्या तळघरात पोट चिरलेला डबल बास, म्हणजे उभं धरून वाजवायचं जाड्या तारांचं थोरलं व्हायोलिन, धूळ खात पडला होता. तो माणसापेक्षा उंच डबा खांद्यावर घेऊन जिना चढणारा गडी चौघांत एकच होता, म्हणून वाद्य त्याच्याकडे गेलं. त्याने ती चीर सरस लावून, दुकानातल्या शिकंज्यात धरून जोडली आणि मग वाजवायला शिकला. तालमीच्या वेळी भावाला जेवायला बोलवायला येणारी मुलगी दारात जरा जास्तच वेळ उभी राहते, हे त्याच्या लक्षात आलं. अर्थात आधी त्याला वाटलं होतं, ती टेहळणी करायला येते. लग्न झाल्यावरही काही महिने तो तिला विचारायचा, "तुला घरच्यांनी पाठवलं होतं ना?"

जॅझमध्ये बासचं काम दिसत नाही, पण ते नसलं तर घर बसतं. ड्रमवाला काठीने मोठ्या पितळी झांजेवर टिं-टिटिं, टिं-टिटिं असा बारीक आवाज चालू ठेवतो आणि त्या आवाजावर पाऊल टाकत बासवाला चालतो. ती पावलं ऐकून बाकीचे हवं तिकडे उडतात, कारण परत कुठे उतरायचं ते त्यांना माहीत असतं. दर शनिवारी संध्याकाळी पुलाजवळच्या हॉटेलातल्या मागच्या दालनात कुलूपवाला असाच चालत आला होता. समोर चहा पिणारी माणसं म्हातारी झाली, त्यांची मुलं येऊ लागली, दालनाचे पडदे बदलले, चौकडी तीच राहिली.

संशयाची पहिली पाल चुकचुकली ती झांजेवरून. एका शनिवारी बेकरीवाल्याने मोठी झांज आपल्या उजवीकडून उचलून पार कुलूपवाल्याच्या कानाजवळ आणून ठेवली. विचारलं तर म्हणाला, खांदा दुखतो, हात तिकडे पुरत नाही. खांदा दुखणारा माणूस झांज जवळ घेईल की लांब ठेवील? कुलूपवाल्याच्या मनात गाठ बसली.

मग मेहुण्याचा डावा हात. पियानोचे खालचे, जाडे सूर म्हणजे बासचं आवार. शहाणा पियानोवाला तिकडे फिरकत नाही. मेहुणाही इतकी वर्षं फिरकला नव्हता. आता मात्र त्याचा डावा हात सारखा खाली उतरायला लागला आणि बासच्याच पावलांवर पाऊल टाकायला लागला. दुसऱ्याच्या घरात शिरून त्याचीच भांडी घासावीत तसं. कुलूपवाल्याने डोळे वटारून बघितलं की मेहुणा छताकडे बघायचा.

त्याहून वाईट म्हणजे कुजबुज. हल्ली सगळेच हळू बोलू लागले होते. तालमीच्या खोलीत तो शिरला की बोलणं खाली जायचं. ओठ हलताना दिसायचे, शब्द मिळायचे नाहीत. मास्तर वर्गात खडसावणारा माणूस, तेसुद्धा तोंडातल्या तोंडात पुटपुटायचे. घरी तेच. बायको भांडी घासता घासता पाठमोरी काहीतरी बोले, आणि "काय म्हणालीस?" विचारलं की "काही नाही" म्हणून गप्प होई. तिचा भाऊ आला की दोघं स्वयंपाकघरात बसत. कुलूपवाला दारात जाऊन उभा राहिला की बहीणभाऊ एकदम पावाच्या तुकड्याचं कौतुक करू लागत. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही उगाच नाही, असं तो स्वतःशी म्हणाला.

त्याच सुमारास हॉटेलच्या मालकाने चौकडीला इतकी वर्षं झाली म्हणून एक मोठा कार्यक्रम ठरवला. दुसऱ्या शहरांतून माणसं येणार, ध्वनिमुद्रण होणार. आता कुलूपवाल्याच्या डोक्यात सगळं जुळलं. यांना मोठ्या कार्यक्रमात दुसरा कोणीतरी हवाय. तरुण, देखणा, फोटोत बरा दिसणारा.

तालमीची खोली बेकरीच्या वर होती. खाली भट्टी, त्यामुळे वर बारा महिने उबदार, आणि वाद्यांवर पिठाची बारीक साय. त्या दाराचं कुलूप कुलूपवाल्यानेच बसवलं होतं. एका दुपारी, तालमीचा दिवस नसताना, विसरलेला चष्मा आणायला तो जिना चढला आणि किल्ली लावली. किल्ली शिरेना. वाकून बघितलं तर कुलूप नवं होतं. बाजारातलं, हलक्या पत्र्याचं, त्याच्या दुकानाच्या तोंडावर कुणी फुकट दिलं तरी त्याने ठेवलं नसतं असं.

तो बराच वेळ जिन्यावर उभा राहिला. राग आला होता, पण त्याहून जास्त लाज वाटत होती, कुणीतरी आपल्यालाच चोर ठरवल्यासारखी. मग त्याने खिशातली वाकडी तार काढली आणि दार उघडलं.

आत सगळं जागच्या जागी होतं. पियानो, ड्रमवर टाकलेली चादर, मास्तरांची खुर्ची. चष्मा खिडकीत होता. तो घेऊन वळताना त्याची नजर जमिनीवर गेली. बासच्या खाली लोखंडी खिळा असतो. तो फळीत रुतवून वाद्य उभं करतात. इतक्या वर्षांत त्याच्या खिळ्याने फळीत चांगली खळगी पडली होती. तिच्यापासून वीतभर अंतरावर आणखी एक भोक होतं. लहान, ताजं. आतलं लाकूड अजून पिवळंधमक होतं.

त्याने गुडघ्यावर बसून त्यात बोट घालून पाहिलं. मग कुलूप पुन्हा लावून, जसं होतं तसं करून, तो खाली उतरला. बेकरीवाल्याची बायको गल्ल्यावर होती. ती हसून काहीतरी म्हणाली. त्याला ते ऐकू आलं नाही, आणि त्याने विचारलंही नाही.

घरी त्याने बायकोला सरळ प्रश्न केला. तुझा भाऊ कुणाला आणतोय? ती पदराला हात पुसत राहिली. म्हणाली, तुमच्या मनात काहीही येतं. मग थोड्या वेळाने, जवळ येऊन, त्याच्या तोंडाकडे बघत म्हणाली, की तिला त्याच्याशी एक बोलायचं आहे, पण तो चिडणार नसेल तर. हे ऐकताच तो चिडला. फितुरी घरात शिरल्यावर आणखी बोलायचं काय उरलं, असं म्हणून तो जेवणावरून उठला, आणि तिचं ते बोलणं तसंच राहून गेलं.

पुढचे काही दिवस त्याने दुकानातून पाळत ठेवली. दुकानाच्या दारातून बेकरीचा जिना दिसत असे. गिऱ्हाइकाची किल्ली कापता कापता त्याची अर्धी नजर तिकडेच, त्यामुळे दोन किल्ल्या वाया गेल्या. आणि एका मंगळवारी दुपारी बेकरीसमोर गाडी थांबली, तिच्यातून एक बाई उतरली, चाळिशीच्या आतली, केस मागे घट्ट बांधलेले, आणि तिने मागच्या दारातून काळ्या पिशवीतला डबल बास बाहेर ओढला. बेकरीवाला स्वतः खाली आला आणि वाद्याला खालून हात देत तिला वर घेऊन गेला. त्या वेळी त्याचा खांदा अजिबात दुखत नव्हता.

ती बाई कोण हे कुलूपवाल्याला ठाऊक होतं. संगीतशाळेत बास शिकवायची. मागे एकदा त्याच्या हाताकडे बघायला ती शनिवारी पुढच्याच टेबलावर येऊन बसली होती आणि त्याने त्या दिवशी तिच्यासाठी जरा जास्तच छान वाजवलं होतं.

त्याने दुकानाची फळी ओढली आणि गल्ली ओलांडली. जिना हळूहळू चढला. दार आतून नुसतं लोटलेलं होतं. त्याने दाराला कान लावला.

आतून मास्तरांचं ट्रम्पेट ऐकू येत होतं, थोडं दबकं. मेहुण्याचा पियानो येत होता. आणि बास येत होता, स्वच्छ, गोल, एकेक पाऊल मोजून टाकलेलं. चांगला होता. ते त्याने त्याही अवस्थेत मान्य केलं. एकच गोष्ट त्याला चमत्कारिक वाटली. झांज नव्हती. हे लोक झांजेवाचून वाजवत होते. बाईची चाल इतकी पक्की की तिला झांजेची गरजच नाही म्हणायची का? की तिच्यासाठी काही नवीन पद्धत काढलीय? त्याने दार ढकललं.

बेकरीवाला झांज वाजवत होता.

काठी वर जात होती, खाली येत होती, पितळेच्या कडेवर उजेड थरथरत होता. काठीचं टोक उडत होतं, टिं-टिटिं, टिं-टिटिं. हाताची हालचाल कुलूपवाल्याने जन्मभर बघितली होती, तिचा अर्थ त्याला पाठ होता. पण आवाज नव्हता. काचेपलीकडे कुणीतरी वाजवत असावं तसं.

एकेक करून सगळे थांबले. मास्तरांनी ट्रम्पेट ओठांवरून खाली घेतलं. मेहुणा उठून उभा राहिला. बाईने बास छातीशी धरला. कुलूपवाल्याने कुणाकडेच बघितलं नाही. तो बेकरीवाल्यासमोर जाऊन उभा राहिला.

"तू एकटा वाजव," तो म्हणाला. "मोठी झांज."

बेकरीवाल्याने मास्तरांकडे बघितलं, मग काठी उचलली. कुलूपवाल्याने डोळे मिटले. लाकडाचा एक दूरचा, मंद ठोका त्याला लागला, गादीवर बोट मारावं तसा. त्यावर जी पितळेची बारीक किणकिण पसरायची, जिच्यावर तो इतकी वर्षं चालला, ती कुठेच नव्हती. त्याच्या ध्यानात आलं की गेल्या कित्येक शनिवारी आपण ती ऐकतच नव्हतो. आपण तिच्याकडे नुसतं बघत होतो.

"जोरात."

बेकरीवाल्याने जोरात मारली. मेहुण्याने नकळत कानाला हात लावला.

कुलूपवाला त्या बाईकडे वळला. खोलीत तीच एक परकी होती, म्हणून त्याने तिलाच विचारलं. "वाजतेय का?"

"वाजतेय," ती म्हणाली. तिने ते स्पष्ट, ओठ नीट हलवून सांगितलं. "खूप वाजतेय, काका."

तो मास्तरांच्या खुर्चीत बसला. मग बाकीचं बाहेर आलं, अडखळत, एकमेकांची वाक्यं तोडत. तो वाजवताना हळूहळू मागे पडायला लागला होता. आधी कणभर, मग ऐकणाऱ्याला कळेल इतका. बेकरीवाल्याने झांज जवळ आणली ती त्याला ऐकू यावी म्हणून. मेहुण्याने डावा हात खाली नेला तो पडलेलं पाऊल सावरायला. कुणी कुजबुजत नव्हतं. ते नेहमीसारखेच बोलत होते. बायकोला घरी आधीच कळलं होतं, कारण किटली शिट्टी मारून मारून कोरडी झाली तरी तो पेपर वाचत बसलेला तिने दोनदा बघितला होता. तिनेच भावाला विनवलं होतं की थांबा, मी सांगते. आणि तिला सांगता येत नव्हतं.

"मग तुम्ही का नाही सांगितलंत?" त्याने मास्तरांना विचारलं.

मास्तरांनी ट्रम्पेट पियानोवर ठेवलं. "तुला कुणी सांगायचं? मागे मी तुला न विचारता एक चाल बदलली, तर तू अख्खं वर्ष माझ्याशी बोलला नव्हतास. या वेळी आम्हाला भीती वाटली, वर्षावर भागणार नाही."

हे खरं होतं. पण एक गोष्ट राहिली होती.

"आणि कुलूप?"

बेकरीवाल्याने काठ्या मांडीवर ठेवल्या. "कुलूप मी बदललं. तू मध्येच आला असतास म्हणून. चुकलं माझं."

"कार्यक्रमाला हिलाच घेणार होतात ना?"

कुणी नाही म्हणालं नाही. म्हणजे संशय अगदीच खोटा नव्हता. इतक्या सगळ्यात त्याला तेवढं एक बरं वाटलं.

"माझ्याकडून कुलूप घेतलं असतंस," तो उठता उठता बेकरीवाल्याला म्हणाला, "तर मला आत यायला जरा वेळ तरी लागला असता."

कानाच्या डॉक्टरकडे तो बायकोला घेऊन गेला. लहानशा बंद खोलीत त्याच्या कानांना यंत्र लावून डॉक्टरांनी सांगितलं, खालचे जाडे आवाज ठीक आहेत, वरचे बारीक आवाज गेलेत, आणि हे तुमच्या किल्ल्यांच्या यंत्राचं काम आहे. कुलूपवाल्याला लगेच वाटलं, हा माणूस श्रवणयंत्रं विकणाऱ्यांना सामील आहे. म्हणून दुसऱ्या डॉक्टरकडे गेला. तिथेही तेच. तिसऱ्याकडे जायचं म्हणाला तेव्हा बायको रस्त्यातच थांबली. "अहो," ती म्हणाली, "सगळे मिळून कट करण्याइतके आपण मोठे नाही."

श्रवणयंत्रं आली. पहिल्या दिवशी शर्टाची कॉलर कानाला घासली तर कुणी पोतं फाडतंय असं वाटलं. तालमीत झांज वाजली तेव्हा तो दचकून बासवरून हात काढून बसला. तो मंजूळ आवाज नव्हताच. तापल्या तव्यावर पाणी पडावं तसं काहीतरी फिसफिसत होतं. डॉक्टर म्हणाले, मेंदूला पुन्हा शिकायला वेळ लागेल. कार्यक्रम मात्र तोंडावर होता. तालमीच्या खोलीत त्यावर कुणी शब्द काढेना, तेव्हा त्यानेच काढला. कार्यक्रम तिने वाजवावा. एक संथ चाल मात्र त्याची. त्यात बेकरीवाल्याने काठ्या खाली ठेवायच्या आणि तारांच्या झाडण्या नुसत्या ड्रमच्या चामड्यावर फिरवायच्या. झांजेचं कामच नाही. आणि मास्तरांनी समोर उभं राहायचं, म्हणजे त्यांचा श्वास दिसेल आणि त्यावर पाऊल टाकता येईल.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी तो बायकोशेजारी पहिल्या रांगेत बसला. चौकडी बाहेरून कशी ऐकू येते हे त्याला माहीतच नव्हतं. तो ऐकण्यापेक्षा बघतच जास्त होता: कुणाच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव दिसतो का, मेहुणा जरा जास्त हसतो का, मास्तर तिच्याकडे बघून मान डोलावतात का. मास्तरांनी डोलावली. तेवढ्यात कुलूपवाल्याचं लक्ष मेहुण्याच्या डाव्या हाताकडे गेलं. बाईची चाल दगडी होती, तिला सावरायची काही गरज नव्हती, तरी तो हात सवयीने खाली उतरून पावलापावलाला टेकू देत होता. इतका अंगवळणी पडला होता. किती शनिवार त्या हाताने आपल्याला टेकू दिला असेल, तेव्हा एवढी सवय लागेल? कुलूपवाल्याने चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ परत लावला नाही.

संथ चालीला तो वर गेला. बाईने आपला बास आडवा ठेवला आणि त्याचा धरून उभा केला. त्याने फार थोडे सूर वाजवले. जिथे पूर्वी चार पावलं टाकायचा तिथे आता दोन, पण मास्तरांच्या छातीकडे बघत नेमकी. एका ठिकाणी तो चुकला. कुणाला कळलं नसेल. बेकरीवाल्याला कळलं, कारण त्याने झाडणी क्षणभर उचलून धरली आणि याचं पाऊल येईपर्यंत थांबला.

पुढे यंत्रांची सवय झाली, पण पूर्वीचं सगळं परत आलं नाही. एक शनिवार तो आणि एक शनिवार ती, असं ठरलं, आणि त्याच्या शनिवारी संथ चालींचं प्रमाण वाढलं. ऐकणाऱ्यांतल्या काहींना ते जास्त आवडायला लागलं. स्वयंपाकघरातली बहीणभावाची कुजबुजही आता त्याला दारापलीकडून ऐकू यायची. एकदा त्याने मुद्दाम उभं राहून पंधरा मिनिटं ऐकली. ती दोघं दुसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूच्या कुत्र्याबद्दल बोलत होती. त्याचं नावसुद्धा निघालं नाही. तो जरा हिरमुसलाच.

बेकरीवाल्याशी मात्र त्याने अबोला धरला. मास्तरांना माफ केलं, मेहुणा तर घरचाच, पण कुलूप त्याच्या घशाखाली उतरेना. बोलणं बंद, वाजवणं चालू. बेकरीवाल्याने काठी हलवली की तो वाजवायचा, चाल संपली की पाठ फिरवायचा. निरोप मेहुण्यामार्फत. आणि गंमत म्हणजे, मास्तर सांगत, त्या महिन्यांत त्या दोघांचं वाजवणं जितकं एकजीव झालं तितकं कधीच झालं नव्हतं.

एका तालमीत मेहुण्याला यायला उशीर झाला आणि निरोप न्यायला कुणी नव्हतं. बेकरीवाला झांजेचा पाय सैल करून ती मागे-पुढे सरकवत होता. मग त्याने काठीने हलकेच वाजवून बघितली, आणि मान वर न करता, पण चांगल्या मोठ्या आवाजात विचारलं, "कानाला टोचतेय का रे इथे?"

कुलूपवाल्याने खुंटी पिळत तार ताणली, बोटाने छेडली, ऐकली.

"वीतभर मागे घे," तो म्हणाला.